डिस्कलेस संगणक कक्ष

डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक मशीनवर वेगळी न टाकता एकाच सर्व्हरवर टाकायची आणि खोलीतली बाकीची मशीन नेटवर्कवरून तिच्यावर चालू करायची, अशा लॅबला डिस्कलेस संगणक कक्ष म्हणतात. मशीनमधली हार्ड डिस्क गेलेली असो वा मुळात नसो, फरक पडत नाही. सातारा-सांगलीकडच्या ज्या शाळांत पंधरा-वीस जुनी मशीन आणि त्यांच्यामागे एकच संगणक शिक्षक असतो, तिथे ही रचना फार सोयीची ठरते. वीस मशीन दुरुस्त करत बसण्याऐवजी एकच नीट ठेवावे लागते. अर्थात त्या एका मशीनवरची चूकही वीसच्या वीस ठिकाणी दिसते, म्हणून उभारणीपेक्षा शिस्तीला इथे जास्त महत्त्व आहे.

यासाठी सर्वांत रुळलेली मोफत प्रणाली म्हणजे लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजेच एलटीएसपी. जिम मॅकक्विलन यांनी ती १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू केली. २०१९ मध्ये अल्किस जॉर्जोपुलोस यांनी ती नव्याने लिहिली. जुन्या पद्धतीत सगळे प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालत आणि समोरच्या मशीनवर फक्त चित्र येई, त्यामुळे सर्व्हर दणकट लागे. नव्या पद्धतीत सर्व्हर फक्त फाइली पुरवतो, प्रोसेसर आणि रॅम ज्याची त्याने वापरायची. म्हणून वीस मशीनसाठी ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा डेस्कटॉपही सर्व्हर म्हणून पुरतो. समोरच्या मशीनला मात्र किमान २ जीबी रॅम हवी. ब्राउझर उघडायचा असेल तर ४ जीबी धरूनच चालावे.

मशीन चालू केले की त्याचे नेटवर्क कार्ड आधी आयपी पत्ता मागते, मग एक छोटा बूट प्रोग्रॅम उतरवून घेते. त्यामागोमाग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, येतो आणि शेवटी सर्व्हरवरची इमेज एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाचायच्या पद्धतीने, जोडली जाते. ही इमेज म्हणजे सर्व्हरच्या संपूर्ण डेस्कटॉपची दाबून केलेली, फक्त वाचता येणारी एकच फाइल. विद्यार्थ्याने मशीनवर केलेले बदल रॅममध्ये राहतात आणि रीस्टार्ट केल्यावर पुसले जातात. त्याच्या स्वतःच्या फाइलींचे होम फोल्डर तेवढे सर्व्हरवर असते, म्हणून तो आज खिडकीजवळच्या मशीनवर बसला आणि उद्या दाराजवळच्या, तरी त्याच्या फाइली त्याला सापडतात.

उभारणीची सुरुवात सर्व्हरवर उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाचा डेस्कटॉप नेहमीसारखा टाकून होते. त्याला आयपी पत्ता कायमचा ठरवून द्यावा. मग एलटीएसपी, डीएनएसमास्क (मशीनना पत्ता आणि बूट फाइल सांगणारा), एनएफएस सर्व्हर, एसएसएच सर्व्हर (लॉगिन तपासायला) आणि स्क्वॉशएफएसची (इमेज दाबायची) साधने बसवावीत. मुलांच्या पडद्यांवर लक्ष ठेवायला एपॉप्टीस सोबतच घ्यावे. त्यानंतर एलटीएसपीच्या पाच आज्ञा क्रमाने द्यायच्या: डीएनएसमास्क, इमेज, आयपीएक्सई (बूटचा मेनू), एनएफएस आणि शेवटी इनिटआरडी (खाती आणि सेटिंग मशीनपर्यंत नेणारी फाइल). वेळखाऊ आज्ञा एकच, इमेजची. नवीन विद्यार्थ्यांची खाती उघडली किंवा सेटिंगची फाइल बदलली की इनिटआरडी पुन्हा चालवावी लागते. ती राहिली तर पासवर्ड अचूक टाकूनही नवे खाते उघडत नाही. जूनमध्ये नव्या वर्गाची खाती करताना हे हमखास राहून जाते.

मराठी टायपिंगची सोय खाती उघडण्याआधी करावी. देवनागरी फॉन्ट इमेजमध्ये गेले की सर्वांना मिळतात, पण इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डची निवड प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये साठते. शिक्षकाने स्वतःच्या खात्यात ती केली म्हणून मुलांना मिळत नाही. नमुना खात्यात सगळे जुळवून त्याची सेटिंग ‘स्केल’ (/etc/skel) या नव्या खात्यांच्या नमुन्याच्या फोल्डरमध्ये टाकली, तर पुढचे प्रत्येक खाते मराठी घेऊनच उघडते.

शाळेत ब्रॉडबँडचा राउटर असेल तर आयपी पत्ते तोच वाटत असतो. त्याच जाळ्यात सर्व्हरनेही पत्ते वाटायला घेतले की गोंधळ होतो. एलटीएसपी म्हणूनच मुळात प्रॉक्सी पद्धतीने बसते: पत्ता राउटरने द्यायचा, बूट फाइल कुठे आहे तेवढे सर्व्हरने सांगायचे. दुसरा मार्ग म्हणजे सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे लावून लॅब वेगळी काढणे.

बिघाड बहुतेक वेळा तारेत किंवा स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या केबली जोडणाऱ्या पेटीत, असतो. समजा, लॉगिनचा पडदा येईपर्यंत एक मशीन ४०० एमबी वाचते. वीस मशीन एकदम चालू केली तर ८ जीबी झाले. गिगाबिट स्विचवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे सव्वा मिनिटात काम होते. १०० मेगाबिटच्या जुन्या स्विचवर त्यालाच बारा मिनिटे लागतात, आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बारा मिनिटे म्हणजे एक तृतीयांश तासिका गेली. स्विच गिगाबिट असूनही एखादेच मशीन रेंगाळत असेल तर त्याचा जॅक हातात घेऊन उजेडात धरावा. पारदर्शक प्लास्टिकमधून आठ तारा ओळीने दिसतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. अशा वेळी बहुधा निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार टोकापर्यंत पोहोचलेली नसते. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, म्हणून नेट चालू दिसते, पण गिगाबिटला चारही लागतात. असा जॅक कापून नवा क्रिंप करावा, म्हणजे पकडीने दाबून बसवावा. इथे स्विचवर खर्च करून केबल मात्र जुनीच ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

नेटवर्कवरून सुरू होताना पडद्यावर ‘पीएक्सई-ई५१’ ही चूक आली तर पत्ता मिळालेला नाही: केबल, स्विच आणि राउटर पाहावेत. ‘ई५३’ म्हणजे पत्ता मिळाला पण बूट फाइलचे नाव मिळाले नाही, तेव्हा डीएनएसमास्क बंद आहे का ते बघावे. ‘ई३२’ आले तर फाइल उतरताना अडली, बहुधा फायरवॉलमुळे. मॅनेज्ड (सेटिंग करता येणाऱ्या) स्विचवर स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचा फेरा टाळणारी तपासणी, चालू असेल तर पोर्ट खुले व्हायला ३० सेकंद लागतात आणि तोवर मशीन पत्ता मागून थकते. त्या पोर्टना पोर्टफास्ट, म्हणजे न थांबता पोर्ट उघडणारे सेटिंग, लावावे. अलीकडच्या मशीनवर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी बूट प्रोग्रॅम अडवणारी सोय, बंद करावी लागते. जुन्या मशीनची ३ व्होल्टची नाण्यासारखी सेल संपलेली असली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राची तक्रार करतो. सेल बदलल्यावर तक्रार थांबते. आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा येत असेल, तर आधी सर्व्हरची डिस्क भरली आहे का ते पाहावे. मुलांच्या ब्राउझरची कॅशे, म्हणजे पाहिलेल्या पानांच्या साठवलेल्या प्रती, होम फोल्डरमध्येच साठते.

नवे सॉफ्टवेअर टाकले की इमेज पुन्हा करावी लागते. हे काम शाळा सुटल्यावरच करावे. नवी इमेज होताना आधीची ‘ओल्ड’ नावाने मागे राहते आणि चालू मशीन तिच्यावर तग धरतात. पण त्याच दिवशी दुसऱ्यांदा इमेज केली तर ती मागची पुसली जाते आणि मशीन जागच्या जागी गोठतात. नवी इमेज आधी एकाच मशीनवर चालवून पाहावी. बिघडली तर ‘ओल्ड’चे नाव बदलून परत आणता येते.

विंडोजवर अशी सोय इतकी सरळ नाही. डेस्कटॉप विंडोजमध्ये एका वेळी एकालाच दुरून काम करता येते. अनेकांना बसवायचे तर विंडोज सर्व्हर आणि प्रत्येकामागे वेगळा परवाना लागतो. ज्या अभ्यासक्रमांना किंवा परीक्षांना विंडोजचेच सॉफ्टवेअर लागते, त्यांच्यासाठी दोन-चार मशीन डिस्कसह वेगळी ठेवणे बरे.

वीज जाणाऱ्या गावांत सर्व्हरइतकाच स्विचही यूपीएसवर हवा, हे अनेकदा विसरले जाते. मशीन चालू असताना फक्त स्विच बंद पडला तर ती थबकतात आणि स्विच परत आला की तिथूनच पुढे चालू लागतात, पण सर्व्हर अचानक बंद झाला तर होम फोल्डरमधल्या अर्धवट लिहिलेल्या फाइली खराब होऊ शकतात. वीज आल्यावर मशीन आपोआप चालू होण्याची सोय बायोसमधून काढून टाकावी, नाहीतर सर्व्हर उठण्याआधीच वीस मशीन पत्ता मागत बसतात. माण, खटाव, जतच्या कोरड्या भागात धुळीने पंखे अडकतात, त्यामुळे डिस्क नसली तरी मशीन तापतेच. महाबळेश्वर-पाटणच्या पट्ट्यात वळवाच्या विजांमुळे दोन इमारतींमधली तांब्याची केबल स्विचसकट जाते. तिथे फायबर टाकावी.

कृष्णाकाठच्या शाळांनी सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नये. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. पाणी चढू लागले की वीस मशीन हलवायला माणसे मिळत नाहीत, पण सर्व विद्यार्थ्यांचे काम एकाच पेटीत असते आणि ती एकटा माणूस उचलून वरच्या मजल्यावर नेऊ शकतो. तेवढाही वेळ मिळणार नाही असे धरून, होम फोल्डर आणि इमेजची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर करून ती पावसाळ्यात पूररेषेबाहेरच्या घरी ठेवावी. मशीन भिजली तरी ती प्रत दुसऱ्या कोणत्याही डेस्कटॉपवर चढवून, गिगाबिट स्विच आणि मिळतील ती मशीन जोडून लॅब पुन्हा उभी राहते.