आधी शेवटचा नंबर, मग दुसरा

2006 साली 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाने जगातल्या 35 मोठ्या शहरांत आपली माणसं पाठवून तिथल्या लोकांच्या सभ्यतेची परीक्षा घेतली. मुंबईचा नंबर 35 वा आला. शंभरात 32 गुण, म्हणजे काठावरही पास नाही. पहिला नंबर कुणाचा? ज्या शहराच्या उद्धटपणाचे किस्से अमेरिकाभर सांगितले जातात त्या न्यूयॉर्कचा, 80 गुणांनी.

सात वर्षांनी त्याच मासिकाने दुसरा खेळ मांडला. 16 शहरांत प्रत्येकी 12 पाकिटं मुद्दाम 'हरवली'. प्रत्येकात 50 डॉलरच्या मोलाचे स्थानिक पैसे, घरच्यांचा एक फोटो आणि मोबाइल नंबर. हेलसिंकीत 12 पैकी 11 पाकिटं परत आली. त्याखालोखाल मुंबई, 9 पाकिटं.

बारा पाकिटांवरून अख्ख्या शहराची नियत ठरवता येत नाही, आणि मासिकाच्या गमतीला विज्ञानही म्हणता येत नाही. तरी जगात सर्वांत असभ्य ठरलेलं शहर परक्याचे पैसे परत करण्यात दुसरं येतं, हे पाहून पहिल्या परीक्षेचा पेपर कुणी काढला होता ते बघावंसं वाटतं. प्रश्न तीनच होते. मागून येणाऱ्यासाठी पुढच्या माणसाने दार धरून ठेवलं का? रस्त्यात कुणाचे कागद पडले तर उचलून दिले का? किरकोळ खरेदीनंतर दुकानदार 'थँक यू' म्हणाला का?

आता सांगा, आपल्याकडे निम्म्या दुकानांना दार कुठे असतं? शटर असतं, ते सकाळी एकदा वर गेलं की रात्री खाली येतं. आणि वाण्याने पाव किलो साखरेवर आभार मानले, तर गिऱ्हाईक आधी वजन तपासून बघेल.

यातला आभारांचा प्रश्न अभ्यासकांनी पुष्कळ आधी हाताळला आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात शिकवणारे मानववंशशास्त्रज्ञ महादेव आपटे यांनी 1974 मध्ये दक्षिण आशियातल्या भाषांमधल्या आभारप्रदर्शनावर एक निबंध लिहिला होता; त्यात मराठीही होती. घरात, जवळच्यांत, दुकानात आपण तोंडाने आभार मानत नाही, हे त्यांचं निरीक्षण. 'आभारी आहे' हे शब्द आपल्याकडे व्यासपीठावरचे, समारंभाच्या शेवटी येणारे. आईने वाढलेल्या भातावर कुणी 'धन्यवाद' म्हणालं तर तिला वाटेल पोरगं रुसलंय. आपला आदर 'या, बसा'मधल्या क्रियापदात असतो, 'जरा सरकता का?'मधल्या 'जरा'त असतो, अनोळखी बाईला मावशी आणि रिक्षावाल्याला दादा करून टाकण्यात असतो. 'प्लीज' मोजायला आलेल्या माणसाच्या वहीत यातलं काही उतरत नाही.

आणि 'थँक यू'वाले तरी घरात किती वेळा म्हणतात? 2018 मध्ये काही भाषाशास्त्रज्ञांनी आठ भाषांमधल्या घरगुती, रोजच्या संभाषणांची चित्रणं तपासली. कुणी काही मागितलं आणि दुसऱ्याने दिलं, असे हजाराहून अधिक प्रसंग सापडले. सगळ्या भाषा मिळून वीसातून जेमतेम एकदा आभार मानले गेले. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे त्यातल्या त्यात पुढे, तेही सातातून एखाद्या वेळी. इक्वेडोरमधल्या चापला भाषेत तर आभार मानायचा ठरलेला शब्दच नाही, मागितलेलं मिळतं मात्र बिनबोभाट. याच गटातल्या अभ्यासकांनी पुढे 2023 मध्ये दाखवलं की माणसं एकमेकांकडे सरासरी सव्वादोन मिनिटांनी काहीतरी छोटं मागत असतात, आणि जितक्यांदा नकार मिळतो त्याच्या सातपट वेळा होकार मिळतो. मीठ इकडे दे, ते धर जरा, सरक थोडा. संस्कृती कुठलीही असो, चित्र साधारण हेच.

मग अमुक देश सभ्य आणि तमुक उद्धट, हे येतं कुठून? कॅनडाचं उदाहरण मला फार आवडतं. कॅनडाचा माणूस म्हणजे पाय त्याचा चिरडला तरी 'सॉरी' तोच म्हणणार, अशी ख्याती. ऑन्टारियो प्रांताने 2009 मध्ये कायदाच केला, की माफी मागणं म्हणजे कोर्टात चूक कबूल करणं नव्हे. तर 2005 मध्ये 49 संस्कृतींचा एक मोठा अभ्यास 'सायन्स'मध्ये छापून आला. त्यात लोकांना आपला राष्ट्रस्वभाव कसा वाटतो ते विचारलं आणि त्याची तुलना तिथल्या प्रत्यक्ष माणसांच्या स्वभावचाचण्यांशी केली. दोन्हींचा मेळ बसेना. कॅनडावाले स्वतःला मवाळ समजत होते, अमेरिकन स्वतःला आक्रमक, आणि चाचण्यांमध्ये दोघे जवळजवळ सारखेच निघाले.

पण म्हणून ख्याती हवेतून आली असंही नाही. मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दोन्ही देशांतली सुमारे 4 कोटी ट्वीट चाळली. कॅनडाच्या बाजूला 'ग्रेट', 'थँक्स', 'अमेझिंग' यांची रास; अमेरिकेच्या बाजूला शिव्या आणि कुरकुर. मग हे शब्द, देश न सांगता, दुसऱ्यांपुढे ठेवले आणि असं बोलणारा माणूस कसा असेल ते विचारलं. वर्णनं आली ती थेट दोन देशांच्या ठरीव प्रतिमांचीच. स्वभाव सारखे, बोलण्याची रीत वेगळी. आणि आपण रीतीवरून स्वभावाचा अंदाज बांधतो. पुणेकरांनी हे केव्हाच ओळखलं असणार. दारावरची पाटी वाचून घरातल्या माणसाबद्दल मत बनवणारे आपण काही कमी नाही.

शब्द बाजूला ठेवून नुसती कृती मोजायची, तर रॉबर्ट लेव्हीन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे जावं लागतं. 1990 च्या दशकात त्याच्या विद्यार्थ्यांनी जगातल्या 23 शहरांच्या गजबजलेल्या भागांत तीन प्रयोग केले. चालताना पेन पाडायचं आणि लक्षातच आलं नाही असं दाखवायचं. लंगडत जाताना मासिकांचा गठ्ठा सांडायचा. आंधळ्याची काठी घेऊन सिग्नलला उभं राहायचं. रिओ दी जानेरोत 93 टक्के वेळा कुणीतरी मदत केली, कोस्टारिकाच्या सान होसेत 91 टक्के, कोलकात्यात 83. क्वालालंपूर 40 टक्क्यांसह तळाला आणि त्याच्या किंचित वर न्यूयॉर्क, 45. म्हणजे पुढे एका मोजणीत सौजन्यात जगात पहिलं येणारं शहर या मोजणीत शेवटून दुसरं होतं.

लोकांची खरेदीशक्ती जितकी कमी तितकी मदत जास्त, असा साधारण कल दिसला. पण व्हिएन्ना आणि कोपनहेगन श्रीमंत असूनही वरच्या भागात होती, तेव्हा गरिबीलाच गुण चिकटवण्याची घाई नको. मला जास्त पटतं ते घड्याळाचं कारण. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय होता वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची बायबलातली गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. निवांत निघालेल्यांपैकी 63 टक्के थांबले. 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी 10 टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तहानेल्या गाढवाला गंगाजळ पाजणाऱ्या एकनाथांवर कीर्तन करायला निघालेल्या बुवांनी वाटेतलं गाढव ओलांडून जावं, तसंच हे. बुवा वाईट नव्हेत. मंडपात लोक खोळंबलेत, एवढंच.

हरवलेल्या पाकिटांचा शास्त्रीय प्रयोगही नंतर झाला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला: 40 देश, 355 शहरं, 17 हजारांवर पाकिटं. बँका, हॉटेलं, पोलीस ठाणी अशा ठिकाणी काउंटरवर जाऊन 'हे बाहेर सापडलं' म्हणून द्यायचं आणि निघून जायचं. सगळ्यांचा अंदाज होता की पैसे असले तर पाकीट गडप होईल. झालं उलट. बिनपैशाची 40 टक्के परत आली, पैसेवाली 51 टक्के. भारतासह 38 देशांत कल हाच. आत एक चावीही असे, मूळ मालकाशिवाय कुणाच्याच कामाची नसलेली. तीन देशांत चावी काढून पाहिली तेव्हा परतीचं प्रमाण घटलं. परक्याची अडचण दिसली की लोक हलतात, आणि आपण चोर ठरू ही टोचणीही त्यांना हलवते.

त्या यादीत चीन तळाशी होता. यावर चिनी संशोधकांनी 2023 मध्ये एक साधी गोष्ट दाखवली. पाकीट परत केलं असं कधी धरलं? मालकाला ईमेल आला तर. चीनमध्ये रोजच्या व्यवहारात ईमेल करतं कोण? त्यांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ईमेल न करता पाकीट मालकासाठी नीट जपून ठेवणारे पुष्कळ निघाले.

लेव्हीनलाही याची ठेच लागली होती. त्याने आणखी दोन परीक्षा ठरवल्या होत्या. एकीत अनोळखी माणसाकडे सुट्टे मागायचे. कोलकात्यात ती कोसळली, कारण मदत करायची इच्छा असून उपयोग काय, सुट्टे कुणाकडेच नव्हते. (हे कळायला त्याला एवढ्या लांब यावं लागलं, आपल्या कुठल्याही कंडक्टरने सांगितलं असतं.) दुसरीत पत्ता आणि तिकीट असलेलं पत्र रस्त्यात सोडायचं आणि कुणी पेटीत टाकतं का ते बघायचं. तेल अवीवमध्ये बेवारस लिफाफा म्हणजे बॉम्ब. एल साल्वादोरमध्ये पडलेलं पत्र उचलणाऱ्याला गंडवणारी टोळीच होती. कित्येक ठिकाणी टपालपेटीचाच पत्ता नव्हता. शेवटी जगाच्या तुलनेतून या दोन्ही परीक्षा गळल्या.

अमेरिकेतल्या शहरांत मात्र पत्रं सोडली गेली आणि बरीच परत आली. काही उघडलेली होती, पण उघडणाऱ्याने बहुधा पुन्हा चिकटवलेली, वर 'चुकून उघडलं, माफ करा' असं लिहिलेलं. न्यूयॉर्कहून एक आलं ते एका बाजूने टरकावलेलं, तसंच उघडं. पाठीमागे स्पॅनिशमध्ये लेव्हीनच्या आईचा उद्धार आणि बेजबाबदारपणाचा आरोप, खाली इंग्रजीत आणखी एक कचकचीत शिवी. एवढं सगळं लिहून त्या माणसाने पत्र पेटीत टाकलं होतं. लेव्हीनने ते नियमाप्रमाणे 'मदत केली'च्या रकान्यात मोजलं.