माकडतापाची पार्श्वभूमी: क्यासनूर ते दोडामार्ग

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली. आसपासच्या गावांत, विशेषतः रानात जा-ये करणाऱ्यांना, जोराचा ताप, असह्य अंगदुखी आणि काहींना रक्तस्राव असा त्रास सुरू झाला. हाच तो माकडताप. ही खबर पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला लागली तेव्हा पहिला संशय पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) आला.

संशयाला कारण होतं. हे केंद्र १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून काढलेलं. पीतज्वराच्या अभ्यासात रॉकफेलरच्या माणसांची हयात गेलेली. दक्षिण अमेरिकेत रानातली माकडं मरू लागली की पीतज्वर जवळ आला असं समजतात. भारतात हा आजार कधी शिरला नव्हता, पण तो पसरवणारा एडिस डास इथे मुबलक होता.

केंद्राचे टेलफोर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो सोरबला गेले. माकडांमधून, माणसांमधून आणि गोचिडांमधून विषाणू वेगळा काढला गेला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचं जवळचं नातं निघालं सोव्हिएत रशियातल्या गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी. धोका टळला खरा, पण कोडं वाढलं. सैबेरियातल्या विषाणूचा भाऊबंद मलनाडच्या, म्हणजे शिमोग्याकडच्या डोंगराळ भागाच्या, पावसाळी जंगलात काय करत होता?

सगळ्यात सुटसुटीत उत्तर होतं स्थलांतरित पक्ष्यांचं. उत्तरेकडून हिवाळ्यात येणारे पक्षी अंगावरून गोचीड घेऊन आले असतील, असा तर्क. तो तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत सालिम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घालण्याचं मोठं काम सुरू झालं. त्यातून पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल भरपूर माहिती हाती आली. विषाणू त्यांनी आणल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

खरं तर एक धागा आधीपासून हातात होता. केंद्राने सुरुवातीच्या वर्षांतच देशभरातून रक्ताचे नमुने गोळा केले होते. त्यांतल्या कच्छ-सौराष्ट्राकडच्या काही नमुन्यांत या रशियन गटाच्या विषाणूंना रोखणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दिसली होती. तिथे असा आजार कोणी पाहिलेला नव्हता. एकाच कुळातल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं एकमेकांच्या चाचणीत दिसू शकतात, त्यामुळे अशा निकालावर एकदम विसंबता येत नाही. तरीही या कुळातलं काहीतरी भारतात आधीपासून वावरत असावं, ही शक्यता त्यातून पुढे येत होती.

या प्रश्नाला वळण दिलं ते होर्हे बोशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने. त्यांनी १९६९ मध्ये मांडलं की विषाणू जंगलातल्या लहान प्राण्यांत आणि गोचिडांत गुपचूप टिकून होता. बदलली ती भोवतालची परिस्थिती. वस्ती वाढली, जंगल तुटलं, गुरं रानाच्या कडेला चरू लागली. हिमाफायसालिस स्पिनिजेरा या गोचिडाची मोठी मादी गुरांचं रक्त पिऊन पोसली जाते आणि हजारो अंडी घालते. गुरांना हा आजार होत नाही, पण गोचिडांचं पीक त्यांच्या जिवावर फोफावतं. मग माकडाला विषाणू लागतो, ते मरतं, त्याच्या अंगावरचे गोचीड तिथेच गळून पडतात आणि ती जागा माणसासाठी घातक बनते. माणसाला चावतात ती मुख्यतः गोचिडाची अर्धवट वाढलेली पिल्लं, आणि त्यांचा हंगाम पावसाळ्यानंतरपासून उन्हाळ्यापर्यंतचा. लाकूडफाटा, पालापाचोळा आणि काजू गोळा करण्याचे दिवसही हेच. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात मोलाचं निरीक्षण बोशेल यांचं हेच आहे, की विषाणू नव्हे तर भोवतालची परिस्थिती बदलली.

त्याला पुढे दुजोराही मिळाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नडमधल्या बेळ्तंगडी तालुक्यात मोठी साथ आली, ती काजू लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर. नंतरच्या काळात बंदीपूर, निलगिरी, वायनाड, २०१५ मध्ये गोव्याचा सत्तरी तालुका आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातलं दोडामार्ग अशी नावं जोडली गेली. पुढे सिंधुदुर्गातल्याच बांदा परिसरातही रुग्ण आढळले. हा विषाणू सह्याद्रीच्या रांगेने दर वर्षी थोडा थोडा सरकत आला, की बऱ्याच ठिकाणी आधीच होता आणि तपासणी सुरू झाल्यावर दिसला? दोन्ही थोडं थोडं खरं असावं.

शरीर या विषाणूला कसं तोंड देतं, हे लशीच्या कहाणीतून नीट कळतं. सुरुवातीला, नातं जवळचं म्हणून, रशियन मेंदूज्वराची लस शिमोग्यात देऊन पाहिली. तिचा उपयोग झाला नाही. चाचणीत ओळख पटण्याइतकं साम्य संरक्षणाला पुरत नाही, हा धडा तिथे मिळाला. मग खुद्द क्यासनूरचा विषाणू कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढवून आणि फॉर्मलिन या रसायनाने निष्क्रिय करून लस तयार झाली. १९९० ते ९२ च्या चाचणीत दोन डोसांनी ९३.५ टक्के संरक्षण दिसलं. २००५ ते २०१० च्या आकडेवारीत ते ६२.४ टक्क्यांवर आलं, आणि बूस्टर घेतलेल्यांत ८२.९ टक्के निघालं. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे थेट तुलना जपूनच करावी. पण निष्क्रिय लशीची प्रतिकारशक्ती लवकर ओसरते आणि पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागते, हे उघड होतं. सुई दुखरी, म्हणून बूस्टरला लोक येईनात.

२०२२ मध्ये लशीची परिणामकारकता पुरेशी नसल्याचं दिसल्यावर कर्नाटकने ती देणं थांबवलं. नव्या लशीचं काम वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स यांनी हाती घेतलं आहे. तोवर रानात शिरण्याआधी हातापायांना गोचीडरोधक तेल लावणं, परतल्यावर अंग तपासून आंघोळ करणं आणि मेलेलं माकड दिसलं की हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणं, यावरच भिस्त आहे.