झोटेरो आणि लिब्रेऑफिसची जोडी जमली कशी

सातारा-सांगलीकडं पीएचडीचा प्रबंध अजूनही बऱ्याचदा डीटीपीवाल्याकडं टाईप होतो आणि संदर्भसूची सगळ्यात शेवटी, हातानं, गाईडनी एक संदर्भ मधी घालायला सांगितला की खालचे सगळे नंबर बदलत बसायचं. हेच काम झोटेरो (संदर्भ साठवून त्यांची सूची करणारं) आणि लिब्रेऑफिस (वर्डसारखं, लिहायचं) या फुकटच्या आणि कायदेशीर सॉफ्टवेअरवर आपोआप होतं, पण ती सोय कुणीतरी भांडून, राबून मिळवलेली आहे.

इंजिनिअरिंग, गणितवाल्यांकडं लिहायला लाटेक आणि १९८५ पासून त्यातल्या संदर्भांसाठी बिबटेक होतं. बाकीच्यांना संदर्भांसाठी एंडनोट, तेही विकत, वर लिहायला वर्ड विकत. १९९९ मध्ये सन कंपनीनं स्टारऑफिस हे वर्डसारखी सोय असलेलं सॉफ्टवेअर घेतलं आणि २००० साली त्याचा कोड खुला केला, तेच ओपनऑफिस. त्यात संदर्भसूचीची सोय होती पण अगदीच तोकडी, म्हणून काही लोकांनी ती सुधारायचा प्रोजेक्ट काढला, त्यात ब्रूस डार्कस नावाचे भूगोलाचे प्राध्यापक होते. ओपनऑफिसमधलं ते काम पुरं झालं नाही, पण त्यातून डार्कसनी सीएसएल (सायटेशन स्टाईल लँग्वेज) आणलं, म्हणजे एपीए, शिकागो वगैरे संदर्भ लिहायच्या स्टाईलचे नियम प्रोग्रामच्या बाहेर, साध्या फाईलमध्ये लिहून ठेवायचे, कुणालाही वाचता येतील आणि बदलता येतील असे. माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच.

ऑक्टोबर २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी फायरफॉक्स ब्राउझरमध्ये चालणारं झोटेरो काढलं आणि त्यात सीएसएल घेतलं. मग २००८ ला एंडनोटची मालक कंपनी थॉमसन रॉयटर्सनं विद्यापीठावर केस टाकली, का तर झोटेरो एंडनोटच्या स्टाईल फाईली वाचतं म्हणून, मागणी वर्षाला १ कोटी डॉलरची! विद्यापीठ मागं हटलं नाही, २००९ मध्ये केस निकालात निघाली. सप्टेंबर २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस वेगळं झालं, झोटेरोचं प्लगिन (लिहायच्या प्रोग्रामला जोडायचा भाग) तिथंही चालू राहिलं.

आपल्याकडची अडचण मात्र वेगळीच. मराठीतले कितीतरी प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप झालेत, त्यातलं लेखकाचं नाव कॉपी करून झोटेरोत टाकलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण झोटेरोला युनिकोड लागतं, म्हणजे फॉन्ट कुठलाही असला तरी मराठी अक्षर मराठीच राहील अशी टायपिंगची पद्धत. त्यामुळं मराठी, इतिहास, समाजशास्त्रवाल्यांनी निदान संदर्भ तरी पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाईप करावेत, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

आणि गाईडना वर्डमध्येच फाईल पाहिजे असेल तर लिब्रेऑफिसची ओडीटी फाईल सरळ वर्डची डॉक्सएक्स करून पाठवू नका, संदर्भांचं झोटेरोशी असलेलं कनेक्शन तुटू शकतं. प्लगिनच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडं जायचा पर्याय आहे, मूळ फाईलची एक कॉपी ठेवून तो वापरा, मग वर्डमध्ये उघडून झोटेरोचं रिफ्रेश दाबलं की संदर्भ पुन्हा जिवंत होतात.