गिरणी कामगारांचं घर: कोण पात्र, कुठले कागद, वारसांनी काय करायचं

लालबाग, परळ, वरळी, शिवडी. मुंबई बेटाचा हा भाग गिरण्यांनी वसवला आणि गिरण्या बंद पडल्यावर तिथल्याच कामगाराला तिथे खोली परवडेना. गिरण्यांच्या जमिनीतला जो वाटा म्हाडाकडे आला, त्यावर कामगारांसाठी इमारती उभ्या राहिल्या. 28 जून 2012 ला 6,925 घरांची सोडत निघाली. 2016 मध्ये 2,634 आणि पनवेलजवळच्या कोनची 2,417, तर 1 मार्च 2020 ला बॉम्बे डाईंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिलची मिळून 3,894 घरं. एकूण 15,870. अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास.

हे अर्ज 2010, 2011 आणि 2017 च्या मोहिमांत भरले गेले. सोडतीत नाव न लागलेल्यांसाठी सप्टेंबर 2023 पासून म्हाडाने पात्रता निश्चितीची मोहीम सुरू केली. कागद ऑनलाइन किंवा वांद्रे पूर्वेच्या समाजमंदिर सभागृहात द्यायचे होते. घरातल्या कुणी जुना अर्ज भरला होता का, त्याची पावती कुठे आहे आणि तो पात्र ठरलाय का, ही चौकशी सगळ्यात आधी करा. अर्ज भरून गावी गेलेली आणि पुढचं काहीच न कळलेली कितीतरी कुटुंबं कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात आहेत.

पात्रतेची मुख्य अट एकच: मुंबईतल्या 58 गिरण्यांपैकी एखादीत 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामगार पटावर असायला हवा. गिरणी कामगारांचा मोठा संप त्याच वर्षी 18 जानेवारीला सुरू झाला, म्हणजे संपात ज्याची नोकरी गेली तोही यात बसतो. दोन-तीन गिरण्यांत काम केलं असेल तरी एका कामगारामागे घर एकच.

आता कागद. इथेच बहुतेकांचं अडतं. आधार आणि पॅन सगळेच आणतात, पण गिरणीत काम केल्याचा पुरावा हवा. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर असलेला पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, पगाराची चिठ्ठी, हजेरीचा किंवा रजेचा उतारा, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, ग्रॅच्युइटीचा कागद, यांपैकी जे असेल ते शोधा. काहीच सापडलं नाही तर पीएफ कार्यालयात विचारा. गिरणी एनटीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची असेल तर त्यांच्याकडेही विचारा.

आमच्या घरी आजोबांचा पास पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सापडला. कडा झिजलेल्या, शाई फिकी झालेली, तिकीट नंबर कसाबसा वाचता येत होता. पण पासावर नाव ‘धोंडू बाबू’ एवढंच, आडनावाचा पत्ता नाही, आणि आधारवर ‘धोंडीराम बाबाजी’. जुन्या हजेरीपटांवर अशीच नावं लागायची. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तुमच्याकडे असा फरक असेल तर नंबर लागायची वाट बघू नका, आजच करून ठेवा.

कामगार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला लागतो आणि घर लागल्यावर न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र. त्याला महिने लागतात. आई, म्हणजे कामगाराची बायको, हयात असेल तर तिचं नाव वारसांत यायलाच हवं. बाकीच्या भावंडांची संमती लेखी घ्या. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव गाळू नका, तीही वारस आहे.

सोडतीत नाव आलं की सूचना पत्र, मग कागदांची छाननी, पैसे भरणं आणि ताबा. 2012 ला 225 चौरस फुटांच्या घराला साडेसात लाख मोजावे लागले, 2020 ला साडेनऊ. म्हाडाने एकही दलाल नेमलेला नाही. ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयासुद्धा देऊ नका.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आता मुंबईबाहेर, बदलापूर-कर्जत पट्ट्यातल्या शेलू आणि वांगणीच्या घरांसाठी संमती मागितली जाते. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाच्या कलम 17 मध्ये, देऊ केलेलं घर नाकारलं तर हक्क संपेल अशी अट होती. ते कलम रद्द करा आणि घर मुंबईतच द्या, म्हणून 9 जुलै 2025 ला कामगार आणि वारस आझाद मैदानावर उतरले. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी ते घरात मोठ्याने वाचून दाखवा, आजीलाही ऐकू द्या, आणि त्या कलमाची आजची स्थिती म्हाडाकडून लेखी विचारून घ्या.