जुन्या ब्राउझरसाठी सपोर्ट

वेबसाइट बनवताना ती फक्त आजच्या क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारीत चालवायची नाही, तर ज्या ब्राउझरचे अपडेट कधीच बंद झालेत त्यांच्यातही कामापुरती चालेल असं बघायचं, ह्याला जुन्या ब्राउझरचा सपोर्ट म्हणतात. साइट सगळीकडे हुबेहूब दिसली पाहिजे असं नाही, पण मजकूर वाचता आला पाहिजे आणि फॉर्म भरून पुढे जाता आलं पाहिजे.

इंदूरमध्ये सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिससारख्या मोठ्या कंपन्या आहेत, पण शाळा, दवाखाने, पतसंस्था आणि मराठी मंडळांच्या साइट्स बनवणारी मंडळी बहुतेक दोन-चार जणांच्या ऑफिसातली, आणि त्या साइट्स बघणारे कोण तर रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातले काका-काकू, ज्यांच्याकडे मुलाने नोकरीसाठी पुण्याला जाताना ठेवून दिलेला विंडोज ७ चा पीसी किंवा नातवाचा जुना फोन असतो. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. मग डिझायनरच्या नव्या लॅपटॉपवर झकास दिसणारी कार्यक्रमपत्रिका त्यांच्याकडे कोरी उघडते आणि ते बिचारे समजतात आपलंच काहीतरी चुकलं.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण इंटरनेट एक्सप्लोरर ६ चं. २००१ मध्ये आला, विंडोज एक्सपीबरोबर घराघरात गेला, त्याचा प्रतिस्पर्धी ब्राउझर नेटस्केप आधीच हरलेला होता म्हणून मायक्रोसॉफ्टला घाई नव्हती, पुढचं व्हर्जन यायला २००६ उजाडलं. तोवर त्याच्या चुका हाच नियम झाला होता. पारदर्शक पीएनजी चित्रामागे राखाडी ठिगळ दिसायचं, फ्लोट केलेल्या, म्हणजे एका बाजूला सरकवलेल्या डब्याचा मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) दुप्पट व्हायचा, मिन-विड्थ (डब्याची किमान रुंदी) तर त्याला कळायचीच नाही. त्यासाठी एचटीएमएलमध्ये (पानाचा मूळ ढाचा लिहायची भाषा) खास कंडिशनल कमेंट, म्हणजे फक्त इंटरनेट एक्सप्लोररच पाळेल अशी सूचना, लिहून सीएसएसची (पानाचं रूप ठरवणारी भाषा) वेगळी फाइल द्यावी लागायची. २०१० मध्ये यूट्यूब आणि गूगल डॉक्सने हात वर केले, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला.

मराठी वाचकांच्या बाबतीत ह्या इतिहासाला एक वेगळा पदर आहे, ज्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. युनिकोड (सगळ्या लिपींसाठी एकच अक्षर-संकेत) रुळायच्या आधी बऱ्याच मराठी साइट्स स्वतःचा फॉन्ट वापरायच्या, तो ईओटी नावाच्या फॉरमॅटमध्ये पानाबरोबर आपोआप यायचा, आणि हा फॉरमॅट फक्त इंटरनेट एक्सप्लोररलाच समजायचा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तोच मजकूर रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसायचा. म्हणजे महाराष्ट्राबाहेर बसून मराठी वाचणाऱ्या माणसाला जुना ब्राउझर धरून ठेवायला सबळ कारण होतं, त्याला मागासलेला म्हणणं अन्याय आहे. युनिकोड आल्यावरही एक्सपीत कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा (देवनागरीसारख्या लिपींचा) सपोर्ट चालू करावा लागायचा, नाहीतर जोडाक्षरं फुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसायची ती नंतर जाऊन बसायची. साध्या फोनवर तर ऑपेरा मिनीची एक सेटिंग होती, ती केली की अक्षरं सर्व्हरवरच चित्रं बनून यायची आणि फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नसला तरी मराठी वाचता यायचं.

आता पद्धतींबद्दल. मूळ विचार प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंटचा, वेब डेव्हलपर स्टीव्ह चँपियनने २००३ मध्ये मांडलेला: आधी साधं एचटीएमएल जे कुठेही उघडेल, त्यावर सीएसएस, त्यावर जावास्क्रिप्ट (मेनू, फॉर्म वगैरे चालवणारी भाषा). ह्यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सीएसएसची न कळलेली ओळ ब्राउझर सोडून देतो आणि पुढे जातो, पण जावास्क्रिप्टमध्ये एक न कळलेलं चिन्ह आलं की ती अख्खी फाइलच बंद पडते. इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला ॲरो फंक्शन (फंक्शन लिहायची नवी छोटी पद्धत) कळत नाही, म्हणून तसं एक जरी लिहिलं तरी मेनूपासून फॉर्मपर्यंत त्या फाइलमधलं सगळं ठप्प. म्हणून बॅबल नावाच्या टूलने नवा कोड जुन्या भाषेत उतरवायचा आणि ब्राउझरमध्ये जे फंक्शन नाही ते पॉलिफिल नावाच्या जोड-कोडने भरून काढायचं. कोणते ब्राउझर सांभाळायचे ती यादी ब्राउझरलिस्ट नावाच्या टूलच्या फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवता येते. पण पॉलिफिलचं ओझं नव्या फोनवाल्यांनाही डाउनलोड करावं लागतं, त्यामुळे सरसकट सगळे टाकणं मला पटत नाही.

काही वेळा पान दिसण्याआधीच गाडी अडते. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला एसएनआय (एकाच सर्व्हरवरच्या अनेक साइट्सपैकी कोणती हवी ते सांगायची सोय) येत नाही आणि आजच्या एचटीटीपीएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या, बहुतेक साइट्स त्यात उघडतच नाहीत, तिथे सीएसएस कितीही जपून लिहा. साइट्सना मोफत सुरक्षा-सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्या जुन्या रूट सर्टिफिकेटवर (ज्याच्या विश्वासावर बाकीची सर्टिफिकेटं चालतात ते) टेकलेली होती, ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं तेव्हा ७.१.१ च्या आधीचे अँड्रॉइड फोन अडकणार होते, दुसऱ्या संस्थेच्या सहीमुळे, म्हणजे खास क्रॉस-साइनमुळे ते आणखी ३ वर्षं चालले. पैशाच्या व्यवहारात मात्र जुन्याला नकार देणंच बरोबर, कार्ड पेमेंटच्या नियमांनी टीएलएस १.० ला (सुरक्षित जोडणीची जुनी पद्धत) ३० जून २०१८ नंतर जागा ठेवली नाही.

इंटरनेट एक्सप्लोरर ११ विंडोज १० वर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. तरी एजमधला त्याचा मोड मायक्रोसॉफ्टने निदान २०२९ पर्यंत ठेवायचं ठरवलंय, कारण ऑफिसांमधल्या ॲक्टिव्हएक्सवर (मायक्रोसॉफ्टचं जुनं तंत्र, जे इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालतं) बांधलेल्या सिस्टिम एवढ्यात जाणार नाहीत.

कुठवर सपोर्ट द्यायचा हे जगाचे आकडे बघून ठरवू नये, आपल्या साइटचा लॉग (कोण कोणत्या ब्राउझरने आलं त्याची नोंद) बघावा. साठीपुढचे सभासद असलेल्या मंडळाचा लॉग आणि कॉलेजच्या फेस्टचा लॉग एकसारखा नसतोच. आणि आता जुना ब्राउझर म्हणजे पीसीच असं राहिलं नाही. आयफोन ६ हा आयओएस १२ वर अडकलेला आहे, त्यात क्रोम टाकला तरी इंजिन सफारीचंच चालतं, आणि फ्लेक्सबॉक्समधला (सीएसएसने डबे ओळीत मांडायची पद्धत) गॅप, म्हणजे डब्यांमधलं अंतर, सफारीत १४.१ पासून म्हणजे २०२१ मध्ये आला, त्यामुळे तिथे बटणं एकमेकांना चिकटतात आणि म्हाताऱ्या बोटाने 'रद्द करा' दाबलं जातं. साधा मार्जिन दिला तर हे होत नाही, नव्या फोनवरही तो तितकाच चालतो.