धान्याच्या आंबवणातून मिथेनॉल वाढते का?

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरते मद्य घरी गाळण्यास कायद्याने मुभा आहे (महाराष्ट्रात ती नाही, हे आधीच सांगितलेले बरे), आणि तेथील हौशी मंडळी साखरपाण्यावरून धान्याकडे वळू लागली की एक जुना इशारा हमखास दिला जातो: साखर निर्धोक, पण धान्यातून डोळे घालवणारे मिथेनॉल निघते. हा समज चुकीचा आहे. किण्वनात, म्हणजे आंबवण्यात, मिथेनॉल तयार होते ते मुख्यतः पेक्टिन या वनस्पतींतील चिकट पदार्थापासून, आणि पेक्टिन फळांत भरपूर असले तरी मका, गहू, बार्ली यांत ते अगदीच थोडे असते. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे १०० हून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूमुळे. त्यात धान्याचा काहीच दोष नव्हता.

खरा फरक निराळा आहे. यीस्टला साखर थेट पचते, स्टार्च पचत नाही. म्हणून भरडलेले धान्य शिजवून सुमारे ६५ अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावे लागते आणि मग त्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, मिसळावी लागते. तिच्यातील अमायलेज हे विकर स्टार्चची साखर करते. तासाभराने या पेजेचा थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाकले आणि रंग निळा-काळा झाला, तर स्टार्च अजून शिल्लक आहे असे समजावे. धान्याने वाढणारी अडचण एवढीच की चोथा न काढलेली घट्ट पेज मद्य गाळताना भांड्याच्या तळाला लागते आणि करपट वास थेट मद्यात उतरतो. आगीचा धोका मात्र साखरेच्या आंबवणालाही तितकाच आहे, कारण अल्कोहोलची वाफ दोन्हीकडे सारखीच पेट घेते.