जुनी डिस्क नव्या कॉम्प्युटरला लावताना फॉरमॅट करावीच लागते का?

"मदरबोर्ड बदलला की विंडोज नव्याने टाकायलाच हवं," असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. विंडोज एक्सपीच्या काळात ते बरंचसं खरं होतं. इन्स्टॉल करताना जो डिस्क कंट्रोलर (डिस्कशी बोलणारी बोर्डावरची चिप) सापडला, त्याचाच ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, एक्सपी सुरुवातीला लोड करायची. नव्या बोर्डावर कंट्रोलर वेगळा निघाला की तिला स्वतःचीच डिस्क वाचता येईना, आणि 7बी क्रमांकाची निळी स्क्रीन यायची. विंडोज 10 आणि 11 मात्र नवं हार्डवेअर ओळखून बहुतेक वेळा स्वतःच ड्रायव्हर बसवतात. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो. तेव्हा कृपा करून बटण दाबून बंद करू नका.

अडतं ते दुसरीकडे. बॅकअप तर आधी घ्याच, हे हात जोडून सांगतो. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर घरातले सगळे फोटो कुलपाआड जातील. डिस्कवरच्या भागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर फक्त यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू करणारी नवी प्रणाली) चालवणारा बोर्ड तिच्यावरून बूट होत नाही, म्हणजे विंडोज सुरूच होत नाही. ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलायचं साधन विंडोज 10 आणि 11 मध्ये आधीपासूनच आहे. कॉम्प्युटरसोबत आलेलं ओईएम लायसन्स मात्र त्या जुन्या मशीनपुरतंच असतं.